माळवद, स्लॅब आणि भाड्याची खोली



गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात आम्ही गटाच्या खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा माल दिसायच्या आधी वास आला. कुबट वास. बंद पेटीतल्या जुन्या गोधडीला येतो ना, तसा. तालुक्याच्या गावी भाड्याने घेतलेली ही एक खोली. महिना अडीच हजार. उन्हाळ्यात केलेल्या शेवया, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, सगळं तिथेच ठेवलेलं. मागच्या भिंतीला लावलेली पोती हलवली, तर भिंतीवर काळे ठिपके, कोपऱ्यात हिरवट बुरा आणि खालच्या बाजूला पांढरं मीठ फुटलेलं. पोत्यांतल्या बावीस किलो शेवयांना बुरशी लागली होती.

आधी आमच्यातच भांडण झालं. कुणी म्हणालं, उन्हात टाका, झटका, काही होत नाही. कुणी म्हणालं, बँकेचा हप्ता पंधरा दिवसांवर आलाय, बावीस किलो फेकायचं म्हणजे काय. शेवटी ठरलं फेकायचंच. बुरशी वरून झटकली तरी तिची मुळं आत राहतात. शेंगदाणा, मका, मिरची यांच्यावरच्या काही बुरशींचं विष तर भाजून-शिजवूनही जात नाही. म्हणून चटणीसुद्धा गेली. गिऱ्हाइकाच्या लेकराच्या ताटात ती जायला नको होती. फेकताना डोळ्यात पाणी आलं हे खरं.

मग प्रश्न पडला. आपला धाराशिव जिल्हा दुष्काळी. उन्हाळ्यात टँकरमागे धावणारी माणसं आपण. आपल्याकडे भिंतीला ओल येतेच कशी? गटातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, "आमच्या माळवदात धान्य वर्षभर राहायचं. ही तुमची पक्की घरं आली आणि ओल आली." आम्हाला हे पटलं नाही, पण ऐकून सोडूनही देता येईना. म्हणून आम्ही जुन्या बायांना विचारत गेलो, आपल्या भागातल्या घरांचा इतिहास जुळवत गेलो. आज तोच सांगायचा आहे.

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हे नुसते शब्द नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. घराच्या कामाला ती नको. गावाखालची पांढरी माती मात्र बारीक, चिकट आणि कमी फुगणारी. जुनं घर याच मातीचं. काळ्या दगडाचं उंच जोतं, दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या-पाला आणि सगळ्यांत वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. हे झालं माळवद. घर किती मोठं ते खणांत मोजायचे. उजेडाला आणि धुराला माळवदात एक भोक ठेवायचे, त्याला साणं म्हणतात. पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायचं काम घरातल्या पोरींचं.

आता ओलीच्या हिशेबाने या घराकडे बघू. काळा दगड पाणी ओढत नाही, म्हणून जमिनीतली ओल जोत्यातच अडते. भिंतीला मातीचा गिलावा आणि पोतेरा, त्यामुळे भिंत ओली झाली तरी ऊन पडल्यावर सुकते, ओल आत कोंडत नाही. चुलीचा धूर वर जातो तो लाकूड आणि पाला कोरडा ठेवतो. बरं, त्याच धुराने आपल्या आज्यांचे डोळे आणि छात्या गेल्या. कौतुक करताना हे विसरायचं नाही.

आणि माळवद गळायचं. काकूंना हे मान्य करायला वेळ लागला. मृग लागायच्या आधी वर चढून गवत उपटायचं, नवी पांढरी माती पसरायची, धोपटायची, पाणी वाहून जाईल असा उतार करायचा, पन्हाळ मोकळं करायचं. पहिल्या पावसानंतर पुन्हा वर जाऊन भेगा तुडवायच्या. माती डोक्यावरून आणायची कुणी? बायांनी. सारवण, पोतेरा कुणी करायचा? बायांनी. म्हणजे माळवद कोरडं राहायचं ते दरवर्षीच्या बायांच्या बिनपगारी कामावर. आणि दरवर्षी नवी माती टाकत गेल्याने वरचं ओझं वाढत जायचं. जुनी माती काढून मग नवी टाकावी, एवढी सवड कुणाला होती?

त्या ओझ्याचा हिशेब 30 सप्टेंबर 1993 ला झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, यांच्या आसपासची गावंच्या गावं भुईसपाट झाली. दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्यातल्या निम्म्या तेव्हा पाळण्यात होत्या, पण त्या पहाटेची गोष्ट आपल्या भागात प्रत्येक लेकराला पाठ असते.

तज्ज्ञांनी नंतर कारण सांगितलं ते समजून घेण्यासारखं आहे. दगडी भिंत जाड दिसायची, पण तिचे बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे पदर असायचे. मधे मातीगोट्यांचा भरणा. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी मुरून भिंतीतली माती ढिली झाली, की धक्का बसताच दोन्ही पदर सुटतात. भिंत गेली की वरची हातभर माती अंगावर येते. म्हणजे ओलीचाही त्यात वाटा होता.

त्यानंतर माणसांच्या मनात माळवदाची अशी धास्ती बसली, की महिनोन्‌महिने लोक अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने मोठा पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. बाकीच्या गावांत पडझड झालेली लाखाच्या वर घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ती घरमालकांनी स्वतः करायची, सरकारने पैसे आणि माहिती द्यायची, असं ठरलं.

इथे आपल्या बायांचा इतिहास सुरू होतो, आणि तो पुस्तकांत कमी सापडतो. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांना या कामात घेऊन आली. हजाराहून जास्त गावांत बाया 'संवाद सहायक' झाल्या. त्यांनी घरोघर जाऊन सांगायचं की तुम्हाला किती मदत मिळणार, हप्ता केव्हा सुटणार, इंजिनिअर काय म्हणतो. गवंड्याने दगड नीट लावला का, सिमेंटला पाणी पुरेसे दिवस मारलं का, हे बघायचं. पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या बाया इंजिनिअरला विचारू लागल्या, "साहेब, इथं बांधाचा दगड कुठाय?" पुढे 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या बाया तिकडे जाऊन तिथल्या बायांना सांगून आल्या. आज आपण गट, बचत, हप्ता हे शब्द सहज बोलतो, पण आपल्या भागातल्या बऱ्याच गटांची सुरुवात त्या घरबांधणीच्या कामातून झालेली आहे.

इंजिनिअरांचा सल्ला होता, की जुनं माळवद पाडायलाच पाहिजे असं नाही. वरची माती वीतभर ठेवा, बाकीची काढा. भिंतीत आरपार बांध घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या. सल्ला चांगला होता. पण ज्यांनी ढिगाऱ्याखालून माणसं काढली त्यांना 'माळवद राहू द्या' सांगणं सोपं नव्हतं. बहुतेकांनी मदतीच्या पैशात जुन्या घराशेजारी एक नवी सिमेंटची खोली काढली. त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. आम्हीही तेच केलं असतं.

सिमेंटची खोली आली, त्याबरोबर एक गोष्ट गेली, ती म्हणजे घराकडे दरवर्षी बघायची सवय. पक्कं घर म्हणजे आता बघायला नको, असं आपण धरून चाललो. स्लॅब चार-पाच इंचांचा. त्यावर पाणी साचलं, पन्हाळ तुंबलं, की बारीक तड्यातून पाणी उतरतंच. पुनर्वसनाच्या काही घरांतही स्लॅब पाझरल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. काळ्या मातीवर पाया उथळ राहिला तर माती फुगते-आकसते आणि भिंत तडकते. विटेची भिंत तर दिव्याच्या वातीसारखी. वात तेल ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. जोत्यावर पाणी अडवणारा थर घातला नसेल, तर दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढते. पाणी सुकतं आणि त्याबरोबर आलेले क्षार भिंतीवर उरतात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला, तो हाच. बाहेरून सिमेंटचा गिलावा घट्ट असेल, तर ओल बाहेर न जाता आतल्या बाजूला फुटते.

आणि याच सुमाराला आपल्याकडे भाड्याचं घर वाढलं. पूर्वी खेड्यात भाड्याने राहायचे ते मास्तर आणि तलाठी. आता लेकरांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, कामासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबला एका खोलीत राहतात. त्या खोलीला एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून खोलीतच पिंपं भरून ठेवायची. स्वयंपाक तिथेच, पावसाळ्यात कपडे तिथेच वाळत. म्हणजे पाण्याचा दुष्काळ आहे म्हणून घरात पाणी साठवायचं, आणि त्या पाण्याने भिंती ओलसर. आमच्या गटातल्या एकीचा मुलगा अशाच खोलीत दोन पावसाळे रात्रभर खोकत होता. डॉक्टरांनी विचारलं, घरात बुरशी आहे का? तोपर्यंत तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. बुरशीचे कण श्वासात गेले की दम्याच्या माणसाला, लहान लेकराला आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास होतो.

माळवदाला ओल आली तर वर चढायचा हक्क आपला होता. भाड्याच्या खोलीच्या गच्चीची किल्ली मालकाकडे असते. आम्ही खोलीमालकाला फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही बाया आत काहीतरी शिजवता, त्याची वाफ आहे ती." आम्ही तिथे काहीच शिजवत नव्हतो. पण भांडून उपयोग नव्हता, म्हणून एक साधी परीक्षा केली. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि दोन दिवस ठेवला. थेंब खोलीच्या बाजूला जमले, तर हवेतली वाफ. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडे जमले, तर भिंतच ओली. आमचे मागे जमले. फोटो काढून ठेवला.

मग कायदा बघितला. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतर हैदराबाद राज्याने 1954 साली घरभाड्याचा कायदा केला. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याला मराठवाड्यात हैदराबादचा, विदर्भात तिकडचा आणि मुंबईकडे 1947 चा, असे तीन वेगळे कायदे चालू होते. ते मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. म्हणजे मराठवाडा महाराष्ट्रात येऊन चाळीस वर्षं झाल्यावर भाडेकरूंना एक कायदा मिळाला!

त्यातलं कलम 14 लिहून ठेवा. जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो करत नसेल तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरीही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकते, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. आमचं भाडं वर्षाचं 30,000, म्हणजे 7,500 पर्यंत. कलम 26 प्रमाणे भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारीही मालकाचीच. हा कायदा त्याच्या यादीत असलेल्या गावा-शहरांना लागतो, प्रत्येक खेड्याला नाही. म्हणून आपलं गाव त्यात आहे का, हे तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारून घ्या. महिलांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

खरं सांगायचं तर आमच्याकडे करार तोंडी होता आणि पावती एकही नव्हती. हिशेबाची वही रोज लिहिणाऱ्या आम्ही! तरी नोटीस लिहिली, रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती जपून ठेवली. बाराव्या दिवशी मालक स्वतः गच्चीची किल्ली घेऊन आले. वर गेलो तर काय, पन्हाळात लिंबाचा पाला आणि अर्धी वीट अडकलेली, आणि टाकी भरली की ज्या नळीतून पाणी सांडतं ती नळी थेट आमच्या मागच्या भिंतीवर. पाला काढायला दहा मिनिटं लागली. नळी लांबवायला आणि स्लॅबचा तडा भरायला प्लंबर-गवंड्याचे मिळून 1,850 रुपये झाले. अर्धे त्यांनी दिले, अर्धे भाड्यातून वळते करायला कबूल झाले. शेवयांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. ते मागायला आमच्याकडे कागद नव्हता.

बुरशी काढताना एक चूक केली ती सांगते. घाईत दोघींनी कोरड्या ब्रशने भिंत घासली. सगळे कण हवेत उडाले आणि दोघींना आठवडाभर शिंका. आधी नाकातोंडाला फडकं बांधायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, ओल्या फडक्याने पुसायचं, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. त्या पाण्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. लगेच रंग मारायचा नाही, कारण आधी पाणी कुठून येतं ते बंद झालं पाहिजे आणि भिंत सुकली पाहिजे. आम्ही उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली, पोपडे खरवडले आणि चुना मारला. चुन्यावर बुरशी सहज धरत नाही आणि चुना भिंतीला कोंडतही नाही. पोती आता भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळ्यांवर असतात.

या सगळ्यात एक सहल झाली. गट घेऊन आम्ही नळदुर्गला गेलो. तिथे बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आहे आणि बांधाच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमाराला बांधलेला. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात, आणि माणूस आत महालात उभं राहून खिडकीतून समोर पडणारं पाणी बघतो. एका बाजूला भरलेला तलाव, दुसऱ्या बाजूला धबधबा, मधे माणसं. काकू बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत होत्या. आम्हाला वाटलं देवाला नमस्कार करतात. त्या म्हणाल्या, "चुन्यात आहे गं सगळं. आणि पाणी जायला वाट किती मोठी ठेवलीया बघ."

परत आल्यावर त्यांनी खोलीची मागची भिंतही तशीच चाचपली. वरची कोरडी आहे. खाली गुडघ्यापर्यंत लोणा अजून फुटतो, तो जमिनीतून येतो. त्याला भिंतीबाहेरून गटार आणि उतार काढून पाणी दूर न्यावं लागेल. मालक म्हणालेत दिवाळीनंतर बघू. या वेळी ते आम्ही करारात लिहून घेतलं आहे, 11 महिन्यांच्या, नोंदणी केलेल्या. आणि मृगाच्या आधी गच्चीची किल्ली एक दिवस आमच्याकडे द्यायची, हेही त्यात आहे.